कपारीतलं घुबड

खाणीची सुट्टी शुक्रवारी असायची आणि आमची रविवारी. वीज पुरावी म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिलेले होते, त्यात त्या दगडखाणीच्या वाट्याला शुक्रवार आला होता. त्यामुळे आम्ही जेव्हा जेव्हा लोकांना निसर्ग दाखवायला तिथे गेलो, तेव्हा खाण अगदी जोरात चालू. क्रशर खडखडतोय, डंपर ये-जा करताहेत, आणि मी तीस-चाळीस माणसांच्या पुढे उभा राहून घसा फोडतोय, "तो बघा, तारेवर, हिरवा!" निम्म्यांना ऐकू जायचं नाही. ज्यांना जायचं त्यांना दिसायचा नाही, कारण तेवढ्यात मध्ये डंपर आलेला असायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मुलुंडला राहायचो, सरकारी कचेरीत कारकुनी करायचो, आणि एका लहानशा निसर्गमंडळाचं काम बघायचो. मंडळ म्हणजे मुख्यतः एक बाई. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्या झाडं सांगायच्या, मी पक्षी सांगायचो. जंगलात फिरवणाऱ्या मोठ्या संस्था होत्या, त्यांच्याकडे गाड्या होत्या, स्लाइड दाखवायची यंत्रं होती. आमच्याकडे माझी एक जुनी दुर्बीण आणि बाईंचा आवाज. बाई म्हणायच्या, "जंगलात पक्षी कुणीही दाखवेल. आपण खाणीत दाखवू. लोकांना कळू दे की डोंगर पोखरला तरी काय काय जीव धरून राहतं ते."

कल्पना उत्तम होती. मला ती मनापासून पटली होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. नाही म्हणायला मला कुणालाच जमायचं नाही. बाई तोंडावर विचारायच्या, "तुम्ही तुमचं 'नाही' घरी कुलपात ठेवून येता का हो?"

रस्ता असा होता: शेवटच्या बसथांब्यावर जमायचं, खाणीच्या फाटकातून आत, वजनकाट्याजवळच्या ऑफिसला वळसा घालून डावीकडे जुना खड्डा. तिथलं दगडकाम केव्हाच थांबलेलं, पाणी साचून तळं झालेलं. त्यात टिबुकल्या, काठावर खंड्या, कधी एखादा बगळा. मग कडेकडेने वर चढून खाणीच्या माथ्यावरून एक फेरी. झाडं होती, पण त्यांच्यावर भुकटीचा असा थर की पांगारा आणि सावर यांतला फरक सांगायला बाईंना आधी पदराने पान पुसावं लागायचं. दुपारी सुरुंगाचे बार उडायचे. त्याआधी दोन्ही वळणांवर लाल बावटे घेऊन माणसं उभी राहायची, शिट्ट्या वाजायच्या, "बार हाऽय" अशी आरोळी यायची, आणि आम्ही सगळे वजनकाट्याच्या पत्र्याखाली दाटीवाटीने उभे. जमीन हलायची. आमच्या लोकांना सगळ्यात जास्त मजा यायची ती यातच. परत जाताना पक्ष्यांबद्दल कुणी बोलायचं नाही. "काय उडवला ना रे!" हेच चालायचं.

मी चिडायचो. मनात. तोंडाने म्हणायचो, "हो ना, जबरदस्त."

आणि मग त्या खाणीच्या पश्चिमेच्या कड्यात मला घुबड सापडलं.

शृंगी घुबड. मोठं, कानांवर पिसांचे तुरे, डोळे नारिंगी. कड्याच्या मध्यावर एक रुंद कपार होती, वरून उंबराची मुळं लोंबत होती, त्यामागे ते बसलेलं. थंडीचे दिवस होते. खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि उंदरांच्या हाडांचे गोळे पडलेले दिसले म्हणून मी वर बघितलं. पुढच्या रविवारी दोन पिल्लं दिसली, मळक्या कापसाच्या बोळ्यांसारखी. इतकी वर्षं लोकांना तारेवरचे राघू दाखवणाऱ्या माणसाला अचानक असं काही मिळालं. त्या रविवारी क्रशरचा आवाजही मला आला नाही. लोक एकेक करून दुर्बिणीला डोळा लावत होते आणि डोळा लावला की गप्प होत होते. तेवढी शांतता आमच्या फिरण्यात आधी कधी झाली नव्हती.

त्याच दिवशी मुकादमाने मला सांगितलं की पुढच्या महिन्यात पश्चिमेचा कडा फोडायला घ्यायचा आहे. भोकं कुठे मारायची त्याच्या चुन्याच्या खुणा झाल्यासुद्धा होत्या.

हा मुकादम कोकणातला. त्याचा बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर हा इथे आला. खाणीच्या दक्षिणेला कामगारांची पत्र्याची चाळ होती, तिथे बायको आणि दोन पोरींबरोबर राहायचा. आमची तो भरपूर टिंगल करायचा. आम्हाला बघितलं की आपल्या माणसांना ओरडायचा, "ए, बाजूक व्हा रे, कावळे मोजणारे इले!" पण बार उडायच्या वेळी आमचा एकेक माणूस पत्र्याखाली आलाय की नाही हे तोच बघायचा.

"पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा ना," मी त्याला म्हटलं.

"माका काय सांगतास? शेठका सांगा."

शेठ म्हणजे खाणीचे मालक. रविवारी सकाळी ते ऑफिसात असायचेच. चांगला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. आम्हाला परवानगी त्यांनीच दिलेली, आमच्यासाठी चहा सांगायचे, बायकांना बसायला खुर्च्या काढून द्यायचे. मला 'पक्षीसाहेब' म्हणायचे. त्यांच्यापुढे उभं राहून मी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, चहा घेतला, मग कसंबसं घुबडाचं सांगितलं. दोन महिने. फक्त दोन महिने तो कडा सोडा.

शेठ हसले. "अहो पक्षीसाहेब, मुंबईत माणसाला खोली मिळत नाही, तुम्ही घुबडाला मागताय? पक्षी आहे, उडून जाईल. दुसरीकडे बसेल."

"पिल्लांना उडता येत नाही अजून."

"माझी मशीन भाड्याची आहेत. दोन महिने ती पण नुसती बसणार का?"

उठून निघायचं, बाईंना सांगायचं की नाही म्हणाले, बाई रागावणार, नवे अर्ज लिहायला लावणार, ते कचेऱ्यांतून फिरत राहणार आणि तोवर कडा गेलेला असणार. हे सगळं मला दिसत होतं. शेठच्या डोक्यावर भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती, तिला छोट्या दिव्यांची माळ. आणि मला आमच्या कचेरीतल्या एका बंगाली सहकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवलेलं चित्र आठवलं. त्यातल्या लक्ष्मीच्या पायाशी पांढरं घुबड होतं. आमच्या घरी घुबड ओरडलं तर आई दार लावून घ्यायची. पण ते चित्र आठवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"शेठ, घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. तुम्ही बोलावलं नव्हतं, आपणहून आलंय तुमच्या खाणीत. जोडीने आलंय. त्याच्या खाली सुरुंग लावणार?"

शेठच्या हातातला कप बशीत टेकला. ते उठून उभे राहिले आणि खिडकीतून पश्चिमेच्या कड्याकडे बघायला लागले.

माझा देवावर विश्वास नव्हता. मंडळाच्या बैठकीत अंधश्रद्धेवर बोलायला मलाच उभं करायचे. पण त्या क्षणी मला फार हुशार वाटलं स्वतःबद्दल. बाहेर येऊन मी बाईंना म्हटलं, "ऐकलं त्यांनी. थांबणार आहेत."

"कसं काय?" बाई चकित झाल्या.

"समजावलं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही फाटकातून आत शिरलो तर समोर मांडव. खरोखरचा मांडव, केळीचे खांब, लाउडस्पीकर. पश्चिमेच्या कड्याला बांबूची परांची बांधलेली, जशी इमारतीला रंग लावताना बांधतात. शेठचं सगळं कुटुंब आलेलं, त्यांची आई खुर्चीत, भटजी सोवळं नेसून. "या या पक्षीसाहेब!" शेठ माझ्याकडे दोन्ही हात पसरून आले. "तुमचीच वाट बघत होतो. पूजेला तुम्ही पाहिजेच."

माझ्या मागे चाळीस माणसं. त्यातल्या एका काकूंनी आनंदाने चपला काढल्या. "निसर्गभ्रमणात पूजा पण असते? छान केलंत हो." त्यांचे यजमान म्हणाले, "फीमध्येच आहे का ही?" लोक हसले.

मी शेठना म्हणायला हवं होतं की परांची काढा, पक्षी घाबरेल. म्हटलंही. पण किती हळू म्हटलं असेन! लाउडस्पीकरवर आरती सुरू झाली होती. शेठनी मान डोलावली, त्यांना वाटलं मी काहीतरी शुभ बोललो. भटजी परांचीवरून चढले, कपारीजवळ पोचले, आणि हळदीकुंकू वाहायला हात पुढे केला. खालून घंटा वाजली.

घुबड बाहेर पडलं. भर उजेडात, मोठे पंख पसरून, आवाज न करता. खाली शंभर-दीडशे माणसांनी एकदम "आहा" केलं, शेठच्या आईने हात जोडले. घुबड पलीकडच्या कड्याकडे गेलं, पण तिथवर पोचण्याआधी कावळे उठले. एक, दोन, मग कितीतरी. दिवसा घुबड दिसलं की कावळे सोडत नाहीत. त्याला त्यांनी टेकू दिलं नाही. टोचत, ओरडत त्याला डोंगरापलीकडे घेऊन गेले. शेवटी नुसता आवाज येत होता.

"दर्शन झालं," शेठ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. संतापून म्हणाल्या, "बघितलंत? ह्याला अंधश्रद्धा म्हणतात. ह्या माणसाच्या डोक्यात हे भरवलं तरी कुणी?"

मी म्हणालो, "काय सांगणार." आणि प्रसादाचा शिरा आला तो घेतला. कागदावर. सगळा खाल्ला.

पिल्लांचं काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघता आलं असतं. मी गेलो नाही. सर्दीचं कारण सांगितलं. त्यानंतर गेलो तेव्हा कपारीत कुणी नव्हतं. शेंदूर लावलेला एक दगड होता, पुढे लोखंडी जाळी, आणि खालपासून वर जायला पायऱ्या खोदायचं काम चाललं होतं.

आता माझी चीड कुणावर होती? शेठवर होती, भटजीवर, त्या शिऱ्यावर, चपला काढणाऱ्या काकूंवरही होती. बाईंनी मंडळाच्या पत्रकात या प्रकारावर लेख लिहिला, धनिकांच्या अंधश्रद्धेमुळे एका दुर्मीळ पक्ष्याचं घरटं कसं गेलं याबद्दल. मजकूर मला वाचायला दिला. मी त्यात दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत केला.

पण घुबडाची गोष्ट इथे संपली असती तर मी ही कदाचित लिहिलीच नसती. खाणीला दगड पाहिजेच होता. पश्चिमेचा कडा देवीचा झाला, तिथे आता कुणी पहार लावणार नव्हतं. उत्तरेला फाटक, ऑफिस, काटा. पूर्वेला जुना खड्डा, पाण्याने भरलेला. उरली दक्षिण. दक्षिणेला पत्र्याची चाळ.

पावसाळ्यानंतर दक्षिणेकडून तोडायला सुरुवात झाली. पुढच्या थंडीत आम्ही फिरायला गेलो तेव्हा बावट्याची माणसं उभी राहिली, शिट्ट्या झाल्या, आणि चाळीतून बायका बाहेर पडायला लागल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात चुलीवरून उचललेलं भाताचं भांडं, कारण पत्र्यावर दगड पडला तर निदान भात वाचावा. आमच्याबरोबर काट्याच्या पत्र्याखाली येऊन उभ्या राहिल्या. बार उडाले. धुरळा बसल्यावर त्या परत गेल्या. दर दुपारी असंच, शुक्रवार सोडून. मुकादमाच्या घरावर एकदा डोक्याएवढा दगड पत्रा फाडून आत पडला होता. पोरी बाहेर होत्या म्हणून बरं, असं तो सांगत होता, पण हसत नव्हता. त्या वर्षी त्याने आम्हाला कावळ्यांवरून एकदाही टोमणा मारला नाही. त्यावरून मला कळायला हवं होतं.

"तुमच्या त्या घुबडान आमची वाट लावल्यान," एवढंच म्हणाला.

मी शेठकडे गेलो. या वेळी चहा नको म्हटलं. सरळ सांगितलं: घुबड त्या दिवसानंतर आलेलं नाही. तिथे आता काही नाही. तो कडा घ्या, दक्षिण सोडा. हे सांगणं मला जड जात होतं, कारण तशा कपारी घुबडं पुन्हा शोधतात, आज ना उद्या एखादी जोडी आली असती. तरी सांगितलं. एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गेलं ना? बरोबर आहे. वाहन कशाला थांबेल? स्वारी पोचवली की ते परत जातं. देवी उतरली, इथेच राहिली. म्हणून तर ह्या वर्षी धंदा असा चाललाय." त्यांनी हात जोडून तसबिरीकडे बघितलं. "तुमचे उपकार आहेत पक्षीसाहेब. तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या हातून केवढं पाप झालं असतं."

"शेठ, ते मी असंच बोललो होतो. ते घुबड वाचावं म्हणून."

"देवी कुणाच्याही तोंडून बोलते," शेठ म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं, टेबलावर हात आपटावा असं वाटत होतं. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आलो.

मुकादम काट्याजवळ वाट बघत होता. मी शेठकडे कशाला गेलोय ते त्याला माहीत होतं. "काय म्हणालो शेठ?"

मी नकारार्थी मान हलवली. मग काय झालं कुणास ठाऊक, मी त्याला सांगून टाकलं. बाईंना नाही सांगितलं, बायकोला नाही, ते त्याला सांगितलं. "लक्ष्मीचं वाहन वगैरे शेठच्या डोक्यात मीच घातलं होतं. खोटं. मला तो कडा वाचवायचा होता."

तो रागावेल असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. त्याने मला आईबहिणीवरून चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या निमूट घेतल्या असत्या आणि हलका होऊन घरी गेलो असतो. तो तसं काही बोलला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला.

"तुमी? तुमीच सांगलात?" तो माझ्या जवळ आला. "मगे आता दुसरा कायतरी सांगा ना त्येका! तुमचा आयकता मा तो. सांगा, चाळीखाली नागोबाचा वारूळ असा. जुना जागृत. तुमी शिकलेले, तुमी सांगलात तर मानतलो तो. आमी सांगून काय उपयोग?"

"नाही हो," मी म्हणालो, "मला तसलं नाही बोलता यायचं."

नाही म्हणायला मला कधी जमलं नव्हतं. तिथे जमलं. किती सहज जमलं. एकदा खोट्याने घात केलाय, पुन्हा तेच नको, आपलं मंडळ अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, असं काहीतरी मी त्याला समजावतही होतो. तत्त्वाचं बोलत होतो. माझं बोलणं बरोबरही होतं, आजही कुणी विचारलं तर मी बरोबरच म्हणेन.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "घुबडासाठी बोलूक इला मा तुमका."

वळणावर बावटा उभा राहिला. शिट्टी झाली. तो चाळीकडे गेला, दारं वाजवत, नेहमीसारखा ओरडत, आणि बायका भांडी घेऊन बाहेर यायला लागल्या. मी आमच्या लोकांना पत्र्याखाली घेतलं आणि त्या बायकांसाठी जागा करा म्हणून सांगितलं. आमचे लोक थोडे सरकले.